बारावीनंतर यूकेत एलएलबी, मग मुंबईत वकिली: सनदेचं काय?

नाशिकचे_पालक
मुलगी बारावी कॉमर्सला आहे. यूकेच्या एका विद्यापीठाकडून तीन वर्षांच्या एलएलबीची ऑफर आली आहे. तिला परत येऊन मुंबई हायकोर्टात वकिली करायची आहे. पुढेमागे न्यायाधीशाची परीक्षाही द्यावी असं तिच्या मनात आहे. एजंट सांगतो, "डिग्री इंडियात चालते, काळजी नको." सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात पडेपर्यंत नेमकं काय काय करावं लागतं आणि किती वर्षं जातात, हे माहीतगारांनी सांगावं.

फोर्ट_वकील
एजंटने अर्धंच सांगितलं आहे. विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली व्यवसायाची देशातली नियामक संस्था) मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे आधी पाहायचं. पण यादीत नाव असलं तरी बहुतेकांचं गाडं वर्षांच्या हिशेबात अडतं.

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चं कलम २४ आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांतला नियम ३७ एकत्र वाचा. परदेशी पदवीसाठी अट अशी: पदवीनंतर कायदा शिकला असाल तर किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम हवा, बारावीनंतर थेट शिकला असाल तर किमान पाच वर्षांचा. तुमच्या मुलीचं बारावीनंतर तीन वर्षांत संपतं. दोन वर्षं कमी पडतात.

ही तूट भरायला दोन वर्षांचा ब्रिज कोर्स असतो. तो गोव्यात, बार कौन्सिलच्या ट्रस्टने काढलेल्या इंडिया इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ लीगल एज्युकेशन अँड रिसर्चमध्ये चालतो. म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षं इथेच झाली. शिवाय परदेशी पदवीधर भारतीयांसाठी बार कौन्सिलची पात्रता परीक्षा असते, तिचे सहा पेपर: राज्यघटना, करार व परक्राम्य संलेख (धनादेश, हुंडी वगैरे), कंपनी कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता व मुदतीचा कायदा, फौजदारी प्रक्रिया (आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), वकिली व्यवसाय व आचारसंहिता. कुणाला यातलं काय लागू आहे हे बार कौन्सिलच्या समकक्षतेच्या पत्रात (परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची धरायची का, हे सांगणारं पत्र) लिहिलेलं असतं. ते पत्र हाच अंतिम आधार. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाने ईमेलवर दिलेल्या आश्वासनाचा इथे काही उपयोग नाही.

त्यानंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मग ऑल इंडिया बार एक्झाम: १०० प्रश्न, साडेतीन तास, चूक उत्तराला गुण कापत नाहीत, उत्तीर्णतेसाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपा नसलेले बेअर ॲक्ट (कायद्यांचा फक्त मूळ मजकूर असलेली पुस्तकं) जवळ ठेवता येतात. त्या सवलतीवर विसंबून न वाचता गेलं तर कलम शोधण्यातच वेळ संपतो.

दिवाणी_ज्युनियर
कोर्टात उभं राहायचं असेल तर खरी तूट कायद्याच्या विषयांत आहे. तिकडच्या एलएलबीत करार, टॉर्ट (दिवाणी नुकसानभरपाईचा कायदा), ट्रस्ट, प्रशासकीय कायदा चांगला शिकवतात. आपला करार कायदा १८७२ पासून त्याच परंपरेतला, त्यामुळे ते शिक्षण वाया जात नाही. पण मनाई हुकूम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कुठल्या ऑर्डरखाली मागायचा, दाव्याचं मूल्यांकन कसं करायचं, मुदत टळल्यावर विलंब माफीचा अर्ज कधी लागतो, मालमत्ता हस्तांतर, मुद्रांक, पुरावा, यातलं काहीच त्यात नसतं. ज्युनियरला पहिल्या वर्षी नेमकं हेच काम मिळतं. हायकोर्टात इंग्रजी चालेल. तालुका आणि जिल्हा कोर्टांत मात्र दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), पुरसिस (पक्षकाराचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), उलटतपास मराठीतच येतात, आणि अपिलाची कागदपत्रं वाचायला हायकोर्टातल्या वकिलालाही ते वाचता यावं लागतं.

न्यायाधीशाच्या परीक्षेबद्दल: २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे बार एक्झामच्या आधीच्या नोंदणीच्या, तारखेपासून मोजतात. म्हणजे ब्रिज कोर्समुळे नोंदणी जितकी लांबेल तितकी ही परीक्षाही लांबेल. हे एजंट सांगणार नाही.

आणि बॅरिस्टर होऊन थेट इथे उभं राहण्याची जुनी वाट कायद्यानेच बंद आहे. कलम २४ मधली बॅरिस्टरांची सवलत फक्त ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बारमध्ये दाखल झालेल्यांसाठी होती. घरातली जुनी माणसं अजून तिचं उदाहरण देतात, म्हणून लिहिलं.

नाशिकचे_पालक
खूप उपयोगी. मग असं चालेल का: तिने इथे बी.कॉम. करायचं आणि नंतर यूकेत पदवीधरांसाठीची दोन वर्षांची सीनियर स्टेटस एलएलबी?

फोर्ट_वकील
नियम ३७ मध्ये पदवीनंतर किमान तीन वर्षं म्हटलं आहे, दोन वर्षांची एलएलबी तिथेच कमी पडते. बी.कॉम.नंतर परदेशातच शिकायचं असेल तर पूर्ण तीन वर्षांचा, प्रत्यक्ष हजेरीचा अभ्यासक्रम घ्यावा. दूरस्थ किंवा ऑनलाइन एलएलबी सनदेसाठी धरू नये.

माझं स्पष्ट मत: वकिली इथे करायची असेल तर एलएलबी इथेच करावी आणि परदेश एलएलएमसाठी राखून ठेवावा. एमएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा क्लॅट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं. सनद पाच वर्षांनंतर सरळ मिळते, समकक्षतेचा प्रश्नच येत नाही. यूकेतलं एलएलएम एका वर्षात होतं आणि दोन-तीन वर्षं वकिली केल्यावर घेतलं तर विषय नेमका निवडता येतो: लवाद, कर, स्पर्धा कायदा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला अर्ज करायचा तर २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. परत येणाऱ्याला ही अट अडचणीची नाहीच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, एलएलबीसाठी नाही.

शिवाय इथली सनद घेतलेल्याला पुढे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं ठरलं तर एसक्यूई ही तिथली सॉलिसिटरची पात्रता परीक्षा देता येते, आणि आधीच पात्र वकील असल्याने दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही. उलट दिशेने यायला किती पायऱ्या आहेत ते वर लिहिलंच आहे.

कागदपत्रं_आधी
तरीही यूकेला जाणार असाल तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. बार कौन्सिलच्या यादीत विद्यापीठाचं नाव स्वतः तपासा. आणि ऑफर लेटरवर पदवीचं नाव, कालावधी, पूर्णवेळ आणि प्रत्यक्ष वर्ग हे शब्द आहेत का बघा; "एलएलबी विथ बिझनेस" अशा जोडपदव्यांत कायद्याचे विषय किती हे विषयवार लिहून मागा.

शिक्षण संपताच, तिथे असतानाच, प्रत्येक वर्षाचं गुणपत्रक आणि नियमित हजेरीचं विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं पत्र घ्या. पदवी प्रमाणपत्रावर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची अपॉस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणन) करून घ्या. भारतात बसून हे करायला गेलं की कुरिअर, तिथला सॉलिसिटर आणि पुन्हा कुरिअर, यातच महिने जातात. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि शिक्षणकाळातले पासपोर्ट, जुना रद्द झालेलाही, सांभाळून ठेवा. गुणपत्रकं, पासपोर्ट आणि पदवी, तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं हवं: एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही फाइल परत येते. फरक असेल तर गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्राचं काम जाण्यापूर्वी उरका.