विलासाविषयीचा उपदेश आणि मंडळीतल्या विधवांची काळजी

प्रश्न: एक पंच, इंदूर

सर्वांना सप्रेम सलाम. इंदूरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, म्हणून काम पाहतो. आमची उपासना हिंदीत होत असली तरी बरीच घरे मराठी आहेत. उपवासकाळाच्या सुरुवातीला झालेल्या उपदेशात बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले ५:६ हे वचन घेऊन, विलासात जगणारी व्यक्ती जिवंतपणीच मेलेली असते, असे तरुणांना बजावण्यात आले आणि उदाहरणे म्हणून रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊबाजारात, खायला जाणे, नवा मोबाइल घेणे, सुटीत फिरायला जाणे अशी यादीच वाचली गेली. पुढच्या रविवारी तरुण संघाच्या बाकांवर बरीच जागा रिकामी होती. त्यांच्यातल्या एका मुलीने मला विचारले, “काका, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाल्ला म्हणून माझे आत्मिक जीवन संपते का?”

स्वतःवर केलेला खर्च विलास केव्हा ठरतो, आणि पंचांनी याविषयी सभासदांशी बोलावे तरी कसे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: निवृत्त पाळक, बडोदे

बंधू, ते वचन एकटे न वाचता त्या अध्यायातली ३ ते १६ ही वचने सलग वाचावीत. तिथे खाण्यापिण्याचा विषय चाललेला नसून मंडळीने कोणत्या विधवांना आधार द्यावा याचा विचार चालला आहे. जिला कोणीच नाही आणि जी देवावर भरवसा ठेवून रात्रंदिवस प्रार्थना करते, ती पाचव्या वचनात येते. तिच्या उलट चैनीत रमलेली सहाव्यात. नवव्या वचनात यादीत नाव घालण्यासाठी साठ वर्षांची अट आहे. मधले आठवे वचन मात्र उपदेशातून सहसा गळते, कारण ते घरातल्या कर्त्या माणसांना झोंबते: जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही, तो विश्वास नाकारतो आणि विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट ठरतो. इतके कडक शब्द त्या अध्यायात विलासी बाईच्याही वाट्याला आलेले नाहीत, असे माझे मत आहे.

शिवाय याच पत्राच्या चौथ्या अध्यायात काही अन्ने वर्ज्य करायला लावणाऱ्यांचा निषेध आहे आणि देवाने निर्माण केलेले सर्व चांगले आहे असे म्हटले आहे. तर ६:१७-१८ मध्ये देव उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो असे सांगून लगेच धनवानांना परोपकारी आणि दानशूर होण्याची आज्ञा केली आहे. लूक १६ मधल्या श्रीमंताची जांभळी वस्त्रे आणि रोजची मेजवानी यांचे वर्णन येते, पण ते वर्णन दोषारोप बनते ते दाराशी पडलेल्या लाजर या भिकाऱ्यामुळे. आमोसाच्या सहाव्या अध्यायातही हस्तिदंती पलंगावर लोळणाऱ्यांना योसेफाच्या, म्हणजे आपल्याच इस्राएल लोकांच्या, नाशाचे दुःख होत नाही, ही संदेष्ट्याची तक्रार आहे.

तरुणांना मोकळे सोडावे असे मी म्हणत नाही. संसाराची चिंता, धन आणि सुखभोग यांनी वचनाचे बी गुदमरते, असे लूक ८:१४ मध्ये प्रभूनेच सांगितले आहे. म्हणून त्या मुलीला कीस खाऊ नकोस असे न सांगता, प्रार्थनेला आणि दुसऱ्याच्या गरजेला तिच्या आठवड्यात जागा उरते का, एवढे विचारावे.

उत्तर २: महिला संघाची एक सभासद, इंदूर

पाळकसाहेबांचे म्हणणे मला पटले, म्हणून प्रत्यक्षातली एक गोष्ट सांगते. आमच्या मंडळीतल्या एक विधवा आजी औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून घेतात, चार किंवा पाच गोळ्या, हातात जेवढे पैसे असतील तेवढ्याच. संपल्या की पुढचे दोन दिवस तसेच काढतात. त्याच वर्षी मंडळीच्या वर्धापनदिनाचे जेवण मात्र दोन गोड पदार्थांसह झाले, आणि त्या पंगतीला कोणी विलास म्हटले नाही! कोण कुठे खायला जातो हे आपल्या पंचांना ठाऊक असते. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, ते ठाऊक नसते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही, सात माणसे नेमली. सन २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रात, तिथली मंडळी १५०० हून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसत असल्याचा उल्लेख आहे. एवढ्यांना पोसायचे तर नावे टिपून ठेवणारा आणि घरोघर जाणारा कोणी तरी असलाच पाहिजे. आपल्याकडे दशमांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाची) वही चोख असते, भेटींची वही कुठे असते?

उत्तर ३: एक वाचक, ग्वाल्हेर

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. सेवा केली की संयमाची गरज उरत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जिभेला कधीच नकार न देणाऱ्याला दुसऱ्यासाठी रात्र जागणेही जड जाते. मात्र पोप ग्रेगरी पहिला याने सन ५९० च्या सुमारास पाळकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात खादाड माणसाला आणि संयमी माणसाला वेगवेगळा बोध करावा असे म्हटले आहे, कारण संयमी माणसाला गर्वाचा धोका असतो. व्यासपीठावरून सर्वांना एकच यादी वाचून दाखवणे त्यात बसत नाही. शिवाय तीमथ्याच्या त्याच पाचव्या अध्यायाची पहिली दोन वचने, म्हणजे तरुणांना भावांप्रमाणे आणि तरुणींना बहिणींप्रमाणे समजवावे ही सूचना, त्या उपदेशकांनी वाचली असती तर सहाव्या वचनाचा सूर वेगळा लागला असता.

पुन्हा प्रश्नकर्ता, इंदूर

सर्वांचे आभार. भेटींची वही आणि औषधांचा वेगळा निधी, हे दोन्ही विषय पुढच्या बैठकीत मांडतो. भेटी देण्याच्या कामात तरुण संघातल्या दोघांना घ्यावे असेही सुचवणार आहे. एक अडचण उरते. काही विधवांची मुले कमावती आहेत, पण आईकडे पाहत नाहीत. अशा विधवांना निधीतून मदत द्यावी का?

उत्तर: निवृत्त पाळक, बडोदे

चौथ्या आणि सोळाव्या वचनाप्रमाणे जबाबदारी आधी घरच्यांची आहे, म्हणून दोन वडीलधाऱ्या पंचांनी मुलाशी त्याच्या घरी, चारचौघांत नव्हे, बोलावे. तो तयार होईपर्यंत आईची औषधे थांबवू नयेत.