'धोक्याचा इशारा' आणि 'संकटसंदेश'

शंका : 'बुडणाऱ्या नौकेने धोक्याचा इशारा दिला' असे वाक्य एका बातमीत वाचले. 'डिस्ट्रेस सिग्नल'साठी हा शब्दप्रयोग योग्य आहे काय? तसेच संकटातली विमाने व नौका रेडिओवरून मदतीसाठी उच्चारतात त्या 'मेडे' या शब्दाचा मे महिन्याशी काही संबंध आहे काय?

उत्तर : योग्य नाही. ज्याला धोका आधी कळला त्याने इतरांना सावध करणे म्हणजे इशारा. वादळी हवामानात कोकणातल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा चढवतात, तो इशारा. बुडणारी नौका मात्र कोणाला सावध करत नसते, ती मदत मागत असते; त्यामुळे बातमीतल्या वाक्यात अर्थाची दिशाच उलटी झाली आहे.

'मेडे'चा मे महिन्याशी संबंध नाही. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२३च्या सुमारास हा शब्द सुचवला, असे मानले जाते. तेथील बरीचशी विमाने पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाशी ये-जा करत असल्याने दोन्हीकडच्या लोकांना चटकन कळेल असा उच्चार हवा होता, आणि 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा उच्चार जवळपास 'मेदे' असाच होतो. १९२७च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय करारात त्याला मान्यता मिळाली. तो लागोपाठ तीनदा उच्चारतात, म्हणजे रेडिओच्या खरखरीतही त्याची दुसऱ्या कोणत्या शब्दाशी गल्लत होत नाही. जिवावरचे संकट नसून केवळ तातडी असेल, तर 'पॅन-पॅन' म्हणतात. तोही 'बिघाड' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला.

मोर्सच्या टिंब-रेघांच्या संकेतलिपीत मदत मागण्यासाठीचे 'एसओएस' हे तर लघुरूपच नव्हे. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा सलग ठोका ऐकताक्षणी ओळखू येतो, म्हणून १९०६च्या बर्लिन करारात तो स्वीकारला गेला; 'आमचे जीव वाचवा' हा इंग्रजी विस्तार लोकांनी मागाहून चिकटवला.

गंमत अशी की 'मेडे'च्या घडणीचे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. 'त्राहि माम्' म्हणजे शब्दशः 'माझे रक्षण कर', आणि 'धावा' हा तर 'धाव' या आज्ञार्थी हाकेतूनच उभा राहिलेला दिसतो. परंतु उकाड्यानेही आपण 'त्राही भगवान' होऊ लागल्यापासून त्या शब्दातली निकड गेली, आणि धावा देवापुरता उरला. बातमीत ते दोन्ही शब्द शोभणार नाहीत.

पुरवणी शंका : मग नेमका शब्द कोणता वापरावा?

उत्तर : रेडिओवरून किंवा यंत्राने पाठवलेला असेल तर 'संकटसंदेश' म्हणावे. लाल ज्योत, नारिंगी धूर, किंवा दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करणे यांना 'संदेश' म्हणणे कानाला खटकते; तेथे 'संकटाची खूण' बरे. इस्रोने मच्छीमारांसाठी विकसित केलेल्या यंत्राचे बटण दाबल्यावर उपग्रहामार्फत तटरक्षक दलाकडे जातो तो मात्र संदेशच. बातमीतले वाक्य 'बुडणाऱ्या नौकेने संकटसंदेश पाठवला' असे हवे होते.