व्हीएमसीसाठी (प्रोग्रॅमवर चालणारं उभं मिलिंग मशीन) कोणतं कॅड-कॅम (डिझाइन करून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं?

प्रश्न: भोसरीत छोटं जॉबवर्क शॉप आहे, ३ ॲक्सिस व्हीएमसी, फानुक कंपनीचा कंट्रोल. प्रोग्रॅम हातानेच लिहायचो पण आता मोल्डची कामं यायला लागलीत, ऑटोडेस्कचं फ्यूजन घेऊ की फुकटच्या फ्रीकॅडवर भागेल?

टूलरूमवाला: फ्यूजनचं फुकटवालं पर्सनल लायसन्स धंद्यासाठी नाहीये दादा, शिवाय त्यात रॅपिड मूव्ह (टूल कापत नसताना जोरात सरकणं) पण फीडनेच (कापायच्या हळू वेगाने) जातात, हवेतच वेळ जातो. पैसे भरूनच घ्या. फ्रीकॅड १.० आलं २०२४ ला, पॉकेट-ड्रिलिंगला मस्त, पण ३डी सरफेसला (मोल्डमधले वक्र पृष्ठभाग) मी नाही वापरणार.

सेटर७७: आधी पोस्ट (कॅमचं आउटपुट आपल्या मशीनच्या कोडमध्ये बदलणारी फाइल) बघा! आमच्याकडे पोस्टमध्ये जी४३ ची (टूलची लांबी धरायला सांगणारा कोड) ओळच आली नव्हती, टूल लेंथ न घेताच झेड (उभा ॲक्सिस) खाली आला नि १० मिमीचा एंडमिल (कापायचं टूल) थेट व्हाइसमध्ये (जॉब पकडणारा शिकंजा). डेमोला तुमचाच जॉब द्या.

प्रश्नकर्ता: जी४३ चं लक्षातच नव्हतं, थँक्स. उद्याच डेमोला मोल्डच्या कोअरची (आतला भाग) फाइल देतो.