अनुभव धागा : बॅटरी चार्ज होईना, तर आधी काय बघायचं?

उसाची वाहतूक सुरू झाली की लातूर, बीड, परभणीकडं ट्रॅक्टरच्या बॅटरीचा विषय निघतोच. सेल्फ फिरत नाही म्हणून बॅटरी बदलतात, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलतात, आणि दोष निघतो एका सैल लगमध्ये (बॅटरीच्या खुंटीवर बसणाऱ्या वायरीच्या टोकात). शेतकऱ्याचे हजारो रुपये असे विनाकारण जातात. ज्यांचा या कामावर हात बसलाय, त्यांनी आपली तपासायची पद्धत इथं लिहावी. मीटर (मल्टीमीटर) कुठं लावता आणि किती आकडा आला तर काय समजता, ते यावं. किस्से नकोत.

ऑटो इलेक्ट्रिशियन, लातूर

रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी बाहेर चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतात. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. आकडा १२.४ वरच बसून राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर कटऑट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलाय, तो बॅटरी उकळवून मारणार.

चार्जिंग नाही म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे. जुन्या ट्रॅक्टर-जीपमध्ये रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाला) सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही गप्प बसतो. दिवा लागत नसेल तर अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर (डी प्लस किंवा एल लिहिलेली) काढून इंजिनच्या बॉडीला टेकवा. आता लागला तर दोष आत आहे, म्हणजे कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश) झिजलेत किंवा रोटरची वाइंडिंग तुटली. तरीही नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर बघा. बल्बच्या जागी साधा एलईडी टाकू नका, त्यातून करंट पुरत नाही. आणि जाड वायरला हात लावू नका. ती थेट बॅटरीची असते, बॉडीला लागली तर जाळ होईल.

कार्बन ५ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर बदला. बहुतेक १२ व्होल्टच्या रोटरचा रेझिस्टन्स दोन स्लिप रिंगमध्ये (कार्बन ज्यांवर घासतात त्या कड्यांमध्ये) २.५ ते ५ ओहमच्या आसपास येतो. रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र कनेक्शन दाखवायला नको.

ट्रॅक्टर मेकॅनिक, मानवत

वरचं सगळं बरोबर, पण आमच्याकडं निम्म्याहून जास्त वेळा दोष अर्थिंगचाच निघायलाय. काळ्या मातीचा चिखल अर्थच्या पट्टीखाली (बॅटरीच्या मायनसला गाडीच्या बॉडीशी जोडणाऱ्या पट्टीखाली) बसतो, वरून बोल्ट घट्ट दिसतो आणि खाली गंज. इंजिन चालू, सगळे लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनस खुंटीवर धरा. लगवर धरू नका, खुंटीवरच धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी सोडून पॉलिश पेपरनं घासा. तसंच अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लस खुंटीपर्यंत ०.३ च्या वर नको. मीटर लावला की दोन मिनिटांत समजतं.

बेल्ट अंगठ्यानं दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबावा. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, बदलाच. ट्रॉलीला वेल्डिंग करताना ती ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर बॅटरीचे दोन्ही लग काढा, मायनस आधी. नाहीतर अल्टरनेटरमधले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) जातात.

जीप गॅरेज, अंबाजोगाई

जुन्या डिझेल जीपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल येतं. ऑइल सील गेलं की ऑइल कार्बनवर उतरतं आणि चार्जिंग बंद पडतं. नुसते कार्बन बदलून दिले तर काही दिवसांत गाडी परत येते. सील बदला, स्लिप रिंग पेट्रोलनं पुसून कोरड्या करा, मग कार्बन टाका. बसवताना ऑइलचा पाइप नीट आवळा. गाडी रस्त्यावर सोडण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेकचं पॅडल दाबून बघा. कडक लागलं तर व्हॅक्यूम नाही, आणि घाटात ते जिवावर बेतेल.

बॅटरी दुकान, नांदेड

मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा पाणी झपाट्यानं उडतं. दर पंधरवड्याला बघा. प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर पाणी पाहिजे, आणि ते डिस्टिल्डच. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. हायड्रोमीटरनं (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायच्या नळीनं) सहाही घरं तपासा. भरलेल्या बॅटरीत १.२५० ते १.२८० येतं. एखादं घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं मागे असेल तर ते घर गेलं, अल्टरनेटरला दोष देऊ नका. चार्जरला लावताना क्षमतेचा दहावा भाग करंट द्या. ८० ॲम्पिअर-अवरला ८ ॲम्पिअर.

दुचाकी मेकॅनिक, जालना

दुचाकीत कॉइल आणि आरआर युनिट (कॉइलच्या एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) एवढंच बघायचं. कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा सॉकेट सोडा, मीटर एसीवर ठेवा, इंजिन चालू करून दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांत सारखाच व्होल्टेज यावा आणि रेस दिली की चढत जावा. एक जोडी मागे राहिली तर कॉइल जळली. तिन्ही सारखे असून बॅटरीवर १४ येत नसेल तर आरआर युनिट बघा. पण त्याआधी तो सॉकेट नाकाजवळ धरा, पिना वितळून काळ्या पडलेल्या सापडतात. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळं बॅटरी उतरलेली असताना ढकलून चालू केली की आयडलिंगवर लवकर भरत नाही.

प्रश्न, औसा : चार्जिंग १४.२ दाखवते, तरी रात्रभर उभ्या कारची बॅटरी सकाळी उतरलेली असते. इंजिन चालू असताना एक लग काढून बघितलं तर चालतं का?

ऑटो इलेक्ट्रिशियन, लातूर

लग काढून बघायची पद्धत कृपा करून सोडा. व्होल्टेज एकदम उसळतो, डायोड, कटऑट आणि कारचा ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) एका झटक्यात जाऊ शकतो.

तुमचा दोष गळतीचा आहे. गाडी बंद करा, मायनस लग काढा आणि लग व खुंटी यांच्या मध्ये मीटर १० ॲम्पिअरवर जोडा. दारं लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडेल ती लाइन दोषी. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम आणि जीपीएस आधी बघा. कुठल्याच फ्यूजनं फरक पडला नाही, तर बॅटरीची वायर पूर्ण सुटी करून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोक टेपनं गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता आकडा पडला तर डायोड प्लेट गळतेय. मीटर मध्ये जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.