मदत हवी आहे: फोटोत हातमागाची पैठणी, घरी आली भलतीच, विक्रेता परत घेत नाही

काठपदर
एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून (नाव मुद्दाम देत नाही) आईसाठी पैठणी मागवली. पानावर "शुद्ध रेशीम, हातमाग, येवला" असं लिहिलंय, किंमत रु. ६,४९९. फोटोत पदरावर बांगडी-मोर आणि नारळी काठ. आलेली साडी घसरडी आहे, मोर साच्यातून काढल्यासारखे एकसारखे आणि पदराच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतायत.

परतीची विनंती टाकली. न्यायला आलेल्या मुलाने मोबाइलवरच्या फोटोशी साडी ताडून पाहिली, "फोटोशी जुळत नाही" म्हणाला आणि पिकअप रद्द करून गेला. जुळत नाही म्हणूनच तर परत करतेय! विक्रेता म्हणतो, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही, शिवाय बिलावर "साडी परत घेतली जाणार नाही" असं छापलंय. परतीची मुदत सात दिवसांची आहे आणि ती संपत आलीय. आता नेमकं काय करावं?

पार्सलवाला
पिकअप का रद्द होतं ते आधी समजून घ्या. न्यायला येणाऱ्या मुलाच्या ॲपमध्ये विक्रेत्याने चढवलेला फोटो येतो आणि खाली दोन-तीन प्रश्न असतात: रंग तोच आहे का, टॅग आहे का, वस्तू फोटोसारखी आहे का. एकाला जरी "नाही" केलं तरी बऱ्याच ठिकाणी ॲप पुढे जाऊच देत नाही. ग्राहकाने वस्तू बदलून परत देऊ नये म्हणून ही तपासणी ठेवलेली असते. फोटोच खोटा असला की ती उलटी ग्राहकावर शेकते. त्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

म्हणून विनंतीत कारण कोणतं निवडलंय ते बघा. "आवडली नाही" किंवा "दर्जा अपेक्षेप्रमाणे नाही" असेल तर हीच तपासणी पुन्हा होणार. "वेगळी वस्तू मिळाली" किंवा "वर्णनाशी जुळत नाही" हे निवडा आणि फोटो जोडा. मग ग्राहक सेवेच्या चॅटवर लिहा: "मिळालेली वस्तू पानावरच्या फोटोपेक्षा वेगळी आहे, म्हणून पिकअपच्या वेळी फोटोशी जुळवणी होणार नाही. तशी नोंद पिकअपच्या आदेशावर करा." फोनवर बोलू नका, चॅटवरच लिहा, म्हणजे लेखी राहतं. तक्रार क्रमांक मागून घ्या.

जुनी विनंती मात्र स्वतःहून रद्द करू नका. काही ठिकाणी एकदा रद्द केली की त्याच ऑर्डरवर दुसरी टाकता येत नाही. कारण बदलायचं असेल तर तेही त्यांच्याकडूनच करून घ्या.

ताणाबाणा
साडीबद्दल मी सांगते. हातमागावरच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवून विणतात. त्यामुळे मोर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावर नक्षीचा धागा पदराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जातो आणि नको तिथे मागे मोकळा सुटतो. तुम्ही म्हणताय ते लोंबणारे धागे म्हणजे हेच. विकायच्या आधी ते कातरून टाकले असतील तर मागे खुरटी, बोचरी टोकं लागतात. त्यामुळे पदराची उलट बाजू हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढा. पदराचा एकच मोर निवडा. तो सुलट बाजूने, मग उलट बाजूने, आणि मग शेजारी दुसऱ्या मोबाइलवर पानावरचा फोटो उघडून. साडीच्या टॅगचा आणि पार्सलच्या लेबलचाही घ्या.

रंगाबद्दल तक्रार अजिबात लिहू नका. "प्रकाशामुळे रंगात फरक पडू शकतो" ही ओळ प्रत्येक पानावर तळाशी असते आणि विक्रेता तिचाच आधार घेतो. विणकाम आणि धागा, एवढंच धरून बसा.

धागा जाळून बघायचा सल्ला कुणीतरी देईलच. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. कसोटी खरी आहे, पण परतीचा निकाल लागेपर्यंत करू नका. धागा ओढला की "वापरलेली, खराब केलेली" असा शेरा मारायला त्यांना निमित्त मिळतं. ब्लाउजपीस कापू नका, फॉल लावू नका, इस्त्रीही नको. घडी आली तशीच ठेवा.

मधली_सुट्टी
पण साडेसहा हजारात असली पदराची हातमाग पैठणी कुठे मिळते? तेव्हाच शंका यायला हवी होती.

ताणाबाणा
किंमत कमी होती म्हणून खोटं लिहायची मुभा मिळत नाही. पानावर "सेमी पैठणी" (पैठणीसारखी दिसणारी, पण यंत्रमागाची) लिहिलं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. सेमी पैठणी हजारो बायका हौसेने नेसतात, तिच्यात वाईट काही नाही. येवल्याचं नाव लावून ती विकली की जो माणूस एकेक पदर महिना महिना विणतो त्याच्या पोटावर पाय येतो. पैठणीला भौगोलिक मानांकन (म्हणजे ते नाव कुणीही कुठल्याही मालाला लावू नये यासाठीचं संरक्षण) आहे ते याचसाठी.

नियमपान
काठपदर, बिलाची पीडीएफ उघडा आणि वस्तूच्या नावाशेजारी एचएसएन हा आकडा शोधा, म्हणजे कर लावताना वस्तू कोणत्या प्रकारात मोडते ते सांगणारा क्रमांक. रेशमी कापड ५००७ मध्ये येतं, कृत्रिम तंतूंचं ५४०७ मध्ये. पानावर "शुद्ध रेशीम" आणि बिलावर ५४ ने सुरू होणारा आकडा असेल, तर विक्रेत्याने स्वतःच लिहून दिलंय की हे रेशीम नाही.

काठपदर
बघितलं. ५४०७ आहे! आणि आत्ताच विक्रेत्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: "मॅडम, परतीची विनंती रद्द करा, आम्ही ३,००० रुपये लगेच यूपीआयने पाठवतो." काय करू?

पार्सलवाला
रद्द करू नका. विनंती रद्द झाली आणि मुदत उलटली की बाजारपेठ हात वर करते, आणि बाहेरच्या बाहेर ठरलेल्या पैशांची जबाबदारी ती घेत नाही. निरोपाचा स्क्रीनशॉट काढून चॅटवर जोडा. त्याने पाठवलेल्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर काहीही करू नका. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ग्राहक सेवेचा क्रमांकही गूगलवर शोधू नका, खोटे क्रमांक भरपूर आहेत. ॲपमधूनच जा.

नियमपान
५४०७ सापडलं म्हणजे काम निम्मं झालं. आता उत्पादनाचं पान लगेच जतन करा. तक्रार गेली की विक्रेते फोटो आणि वर्णन बदलतात. संगणकावर पान उघडून प्रिंटमधून पीडीएफ करा, त्यात लिंक आणि तारीख उमटते. मोबाइलवर असाल तर वर्णन, फोटो, "विक्रेता" ही ओळ आणि परतीचा नियम यांचे वेगवेगळे स्क्रीनशॉट घ्या.

कायद्याचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तुमच्या बाजूने आहेत. नियम ५ प्रमाणे फोटो आणि वर्णन वस्तूच्या रूपाशी व दर्जाशी जुळेल अशी हमी बाजारपेठेने विक्रेत्याकडून घ्यायची असते. नियम ६ प्रमाणे जाहिरात केल्याप्रमाणे वस्तू नसेल तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्यात व्हिडिओची अट कुठेही नाही. व्हिडिओ असला तर पुरावा म्हणून चांगलाच, पण नाही म्हणून हक्क जात नाही. बिलावरच्या "परत घेतली जाणार नाही" या छापील ओळीने नियम ६ रद्द होत नाही.

पहिली पायरी बाजारपेठेचा तक्रार निवारण अधिकारी. नाव आणि ईमेल ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या तळाशी द्यावंच लागतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायचं. त्याच ईमेलमध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ताही मागा. खरेदीनंतर लेखी मागितला तर बाजारपेठेला तो द्यावा लागतो.

दुसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार थेट कंपनीकडे पोचवतात आणि बरेच परतावे इथेच सुटतात.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. विरुद्ध पक्ष म्हणून विक्रेता आणि बाजारपेठ दोघांनाही घाला. "आम्ही फक्त मध्यस्थ" असं ते म्हणतील, त्याचं काय करायचं ते आयोग ठरवेल.

काठपदर
खूप आभार. तक्रार अधिकाऱ्याला काय लिहू? थोडक्यात सांगाल का?

नियमपान
एवढं पुरे:

"ऑर्डर क्रमांक ___. पानावर 'शुद्ध रेशीम, हातमाग' असं वर्णन व फोटो होता (पीडीएफ जोडली आहे). मिळालेली साडी यंत्रमागाची आहे, पदराच्या उलट बाजूचा फोटो जोडला आहे. बिलावर एचएसएन ५४०७, म्हणजे कृत्रिम तंतू. दि. ___ रोजी तुमच्याच प्रतिनिधीने 'फोटोशी जुळत नाही' म्हणून पिकअप रद्द केलं. परतीची विनंती मुदतीत केलेली आहे. ई-कॉमर्स नियम २०२० मधील नियम ५ व ६ प्रमाणे पिकअपची नवी वेळ आणि मूळ खात्यात पूर्ण परतावा द्यावा. बदली वस्तू नको. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता कळवावा."

"बदली वस्तू नको" ही ओळ गाळू नका, नाहीतर त्याच गठ्ठ्यातली दुसरी साडी येईल.

पार्सलवाला
पिकअपच्या दिवशी साडी टॅगसकट मूळ पिशवीत ठेवा आणि देण्याआधी त्याच्यासमोर फोटो काढा. "पिकअप पूर्ण" असा संदेश तुमच्या मोबाइलवर दिसेपर्यंत पार्सल हातातून सोडू नका. ओटीपी मागितला तर आधी वाचा, तो पिकअपचाच आहे ना. कधी कधी विनंती रद्द करायचा ओटीपीही तसाच येतो. पुन्हा "जुळत नाही" म्हणाला तर ॲपवर दिसणाऱ्या शेऱ्याचा फोटो घ्या आणि त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा. नवी तक्रार उघडू नका, नाहीतर महिन्याची मुदत नव्याने मोजायला लागतात.