लाँग टर्म ट्रिम +१९, तरी प्लग काळे: ईसीयू शिकतोय की बहकतोय?

धूरकट:
पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन. हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून, घेतला जातो, एअर फ्लो मीटर नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास. गरम झाल्यावर धूर जातो, पण मायलेज पडलंय ते पडलंयच. मधूनच चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). स्कॅनरवर ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) मूळ मापावर किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो तो आकडा: आयडलला लाँग टर्म +१९, शॉर्ट टर्म +४ ते +६. २५०० आरपीएमला लाँग टर्म +७. प्लग काढले तर चारही काळे, कोरडी काजळी. बॅटरीची तार काढून ईसीयूचं शिकलेलं पुसलं की सकाळचा धूर गायब, मग हळूहळू पुन्हा तेच. हे शिकणं कायमचं बंद करता येतं का? आणि ईसीयू लीन म्हणतोय, प्लग रिच (पेट्रोल जास्त) म्हणतायत, तर मानायचं कोणाचं?

दहाचा_पाना:
इंजेक्टर साफ करून घ्या आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलून टाका. इनटेकला कुठे हवा ओढतेय का, तेही कार्ब क्लीनर मारून बघा. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरच्या) मागच्या सेन्सरचं व्होल्टेज बघा, तो खोटं बोलत नाही.

मापाडी:
धूरकट, प्लगचं माना. आणि तार काढणं आधी थांबवा, दर वेळी तुम्ही पुरावाच पुसताय.

इनटेकचा संशय मला फारसा पटत नाही. एअर फ्लो मीटरच्या गाडीत मीटर ओलांडल्यावर, इंजिनाच्या बाजूला शिरलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून ट्रिम वर जाते. तुमच्याकडे मॅप आहे. चोरून आलेली हवाही इनटेक मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयूला ती दिसते आणि तो तेवढं पेट्रोल देतो. आयडल चढेल, ट्रिम एवढी नाही. शिवाय इनटेकची गळती असो वा अर्धे बुजलेले इंजेक्टर, ट्रिमने भरपाई केल्यावर मिश्रण जागेवर येतं. मग प्लग काळे का होतील?

ट्रिम अधिक आणि प्लग काळे, हे दोन्ही एकत्र दिसले की मी आधी एक्झॉस्ट बघतो. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा फ्लँजच्या जोडावर, फट असणार. एक्झॉस्टमध्ये दाब लाटांनी येतो. एक लाट गेली की क्षणभर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि त्या फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, तो कुठून आला ते नाही. त्याचं व्होल्टेज ०.४५ च्या खाली पडतं, ईसीयू ‘लीन’ समजून पेट्रोल वाढवतो. आयडलला एक्झॉस्टचा वायू थोडा, म्हणून बाहेरच्या हवेचा वाटा मोठा: +१९. २५०० ला प्रवाह वाढला, वाटा घटला: +७. तुमचे आकडे याच्याशी जुळतात.

थोडी मिसिंग (एखाद्या सिलिंडरचं अधूनमधून न पेटणं) असली तरी न जळलेल्या ऑक्सिजनमुळे असंच लीन दिसतं, पण मग एखादा प्लग वेगळा किंवा ओला निघाला असता.

मागच्या सेन्सरचा इथे उपयोग नाही, पाना. फटीतली हवा त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर धुरात मिसळलेली असते. जास्तीचं पेट्रोल आणि जास्तीची हवा मिळून हिशेब बरोबर दिसतो, आणि गाडी मात्र पेट्रोल पीत राहते.

नवशिक्या:
पण फट तर रिसेटनंतरही असतेच. मग धूर का थांबतो?

मापाडी:
या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

शॉर्ट टर्म ही त्या क्षणाची दुरुस्ती. सेन्सर गरम होऊन क्लोज्ड लूप (सेन्सरचं ऐकून पेट्रोल ठरवणं) सुरू झाला की ती सतत वरखाली होत राहते. ती बराच वेळ एकाच बाजूला झुकली, की ईसीयू तो झुकाव थोडाथोडा लाँग टर्ममध्ये टाकतो, म्हणजे शॉर्ट टर्म परत शून्याजवळ येते. लाँग टर्म वेग आणि लोडच्या कप्प्यांत साठवलेली असते आणि बऱ्याच ईसीयूंत ती ओपन लूपमध्येही, म्हणजे सेन्सरचं न ऐकता चालतानाही, लागू होते. थंड इंजिनला आधीच जादा पेट्रोल मिळतं, त्यावर हे १९ टक्के. म्हणून धूर. पुसल्यावर लाँग टर्म शून्य, थंड स्टार्ट ईसीयूतल्या मूळ मापांवर होतो, धूर नाही. पण इंजिन गरम झाल्याबरोबर शॉर्ट टर्म तीच फसवी भरपाई पुन्हा करते, त्यामुळे मायलेज काही सुधारत नाही. धूरकट, तुमचंही तसंच होत असणार.

शिकणं बंद करायची कल्पना सोडा. इंजेक्टर जुने होतात, फ्युएल प्रेशर बदलतं, पेट्रोलही बदलतं. निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. १० टक्के इथेनॉल असलं तरी ट्रिम ४ टक्क्यांच्या आसपास वर जाते, आणि तो बिघाड नाही.

आता तपासणी. पूर्ण थंड इंजिन सुरू करून लगेच मॅनिफोल्डजवळ कान द्या. बारीक टिकटिक येत असेल आणि धातू तापल्यावर थांबत असेल, तर सापडलं. नाहीतर इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरने हवा उलटी फुंका आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. जोडावर काळा पट्टा दिसला तर तिथेच.

सेन्सर बदलण्याआधी त्याची परीक्षा घ्या. गरम इंजिनावर आरपीएम चढवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल तुटतं, तेव्हा व्होल्टेज ०.१ च्या आसपास यायला हवं. एकदम दाबल्यावर ०.८ च्या वर. दोन्हीकडे चटकन जात असेल तर त्याला हात लावू नका.

धूरकट:
मायलेजचं बरोबर, रिसेटने कधीच फरक पडला नव्हता. टिकटिक होती, मी टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) आवाज समजत होतो! मॅनिफोल्डचा टोकाचा स्टड तुटलेला, गॅस्केटवर काजळीचा फराटा. स्टड आणि गॅस्केट बदलतोय. आता तरी पुसू का?

मापाडी:
आता पुसा, पण स्कॅनरने, तारेने नको. नाही पुसलं तर शॉर्ट टर्म वजा दिसेल आणि लाँग टर्म हळूहळू खाली येईल, तोवर सकाळचा धूर राहील. मग पूर्ण गरम इंजिनावर आयडल, संथ वेग आणि थोडी चढण, तिन्ही मिळतील अशी गाडी फिरवा. आयडल आणि २५०० चे आकडे इथे टाका. दोन्ही ±५ च्या आत आले तर ठीक. फक्त आयडलचा वर राहिला तर नव्या गॅस्केटखाली मॅनिफोल्डची गॅस्केटवर टेकणारी बाजू वाकलीय का, ते सरळ पट्टी लावून बघावं लागेल.