अनुभव धागा: योरिंडे-योरिंगेल सांगताना कुठे फसतं?

ग्रिम बंधूंच्या जर्मन लोककथासंग्रहातली ६९ क्रमांकाची गोष्ट. चेटकीण मुलींना पाखरू करून टोपलीत कोंडते; तिच्या किल्ल्यात अशा सात हजार टोपल्या आहेत. योरिंगेल लाल फुलाच्या जोरावर योरिंडेला सोडवतो. सांगणाऱ्यांनी, अनुवादकांनी, बाहुलीवाल्यांनी आपापले अनुभव लिहा.

*कथाकथन*
आधी अंतर पक्कं करा: किल्ल्याच्या शंभर पावलांत जो येईल तो जागीच खिळतो. हे राहून गेलं की योरिंगेल मुलांना नुसता भित्रा वाटतो, कारण योरिंडेला डोळ्यांदेखत नेतात आणि हा जागचा हलत नाही. त्याला रडताही येत नाही, हे आवर्जून सांगा. पुढचा मेंढ्या राखण्याचा भाग कंटाळवाणा म्हणून कापतात; कापू नका. तेव्हा तो किल्ल्याभोवती फिरतो, पण फार जवळ जात नाही. मग फूल घेऊन तो तीच शंभर पावलं बिनधास्त ओलांडतो, तेव्हा पोरं श्वास रोखतात.

*अनुवाद*
सगळी मेख गाण्यात आहे. योरिंडे 'लायडे, लायडे' (जर्मनमध्ये दुःख) म्हणता म्हणता 'लाय—' वर तुटते आणि नाइटिंगेलची शीळ सुरू होते. शब्द अर्धा असतानाच ती पक्षी झाली! मराठीत 'दुःख' जमत नाही, 'दुः' वर सूर धरता येत नाही. 'शोक, शोक, शो—' चालतं. ओकार हवा तेवढा ताणा, मग लगेच शीळ. मध्ये 'तेवढ्यात ती पक्षी झाली' हे वाक्य घातलंत तर गेलं सगळं. आणि बुलबुल लिहू नका, तो वेगळा पक्षी.

*थोडं मूळ*
ही गोष्ट ग्रिमांनी जर्मन लेखक युंग-श्टिलिंग यांच्या १७७७च्या आत्मचरित्रातून घेतली, १८१२च्या पहिल्या खंडात. तीन भाऊ, तीन परीक्षा अशी ठरलेली चौकट तिच्यात शोधू नये.

*छायाबाहुल्या*
सात हजार टोपल्या कापत बसू नका. एकच जाळीदार टोपली धरून मागे चार छोट्या बॅटऱ्या अंतराअंतराने लावा, चार सावल्या पडतात. मात्र प्रत्येक सावली फिकी होते, म्हणून खोलीत पूर्ण अंधार हवा. फुलाला लाल जिलेटिन कागद. बाहुली पडद्याला टेकवूनच धरा, दिव्याकडे सरकली की कडा विरघळतात. घुबड झालेल्या चेटकिणीच्या तीन फेऱ्या मोजून तीनच.

*पुन्हा कथाकथन*
शेवटाची घाई नको. शेकडो नाइटिंगेलांतून तिला ओळखणार कसं? चेटकीण त्याच्यावर विष थुंकते, पण दोन पावलांच्या आत येऊ शकत नाही. तो तिच्याकडे लक्ष न देता टोपल्या बघत राहतो, आणि म्हातारी एक टोपली हळूच दाराकडे नेताना दिसते. इथे आवाज खाली आणा, घटकाभर थांबा. बहुतेक वेळा पुढचं वाक्य एखादं मूलच बोलतं: 'तीच ती!'